घरात ठेवलेलं पानिपत

माझ्या घरात पानिपतावरची त्र्याहत्तर पुस्तकं आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण नांदूरघाटात माझी चौकशी केली तर लोक हेच पहिलं सांगतात आणि सांगताना हसतात. किराणा दुकानदाराची बायको, बारावी झालेली, रोज कपाळाला भस्म लावणारी, आणि वाचते काय, तर अडीचशे वर्षांमागची लढाई. तीही हरलेली. एका पाहुण्याने मला विचारलं होतं, की जिंकलेल्या लढाया काय कमी पडल्या का. मी त्याला म्हटलं, जिंकलेल्या लढाईत सगळ्यांच्याच तलवारी चालतात. हरलेल्या लढाईत चूक कुणाची ते शोधावं लागतं, आणि शोधताना लोक किती खोटं बोलतात तेही कळतं. पाहुण्याने चहा संपवला आणि विषय बदलला.

सुरुवात रद्दीतून झाली. लग्न होऊन मी धर्मापुरीहून इथे आले तेव्हा दुकानात हळद, तिखट, जिरं सगळं कागदात बांधून द्यायचे. बीडहून रद्दीचे गठ्ठे यायचे आणि दुपारी गिऱ्हाईक कमी असताना त्यांची पानं फाडून नीट रचायचं काम माझ्याकडे होतं. एका गठ्ठ्यात कव्हर नसलेली एक जाडजूड कादंबरी निघाली. पहिली चाळीसेक पानं कुणाच्या तरी घरी हळदीबरोबर गेली होती. मी एक्केचाळिसाव्या पानावर सुरुवात केली. फौज यमुनेच्या काठावर उभी होती, पाणी उतरत नव्हतं आणि सगळे एकमेकांवर चिडलेले होते. फौज तिथे कशी आली, हे मला कळायला मार्ग नव्हता. मी तिथेच पोत्यावर बसून वाचत राहिले. सासऱ्यांनी पाहिलं. त्या दिवशी त्यांनी जिऱ्याच्या पुड्या दुसऱ्या कागदात बांधल्या.

ती कादंबरी पूर्ण मिळायला मला पाच वर्षं लागली. मुलाला दवाखान्यात दाखवायला बीडला गेलो होतो, तिथे बसस्टँडजवळच्या एका हातगाडीवर ती दिसली. परतीच्या बसमध्ये एका मांडीवर झोपलेला मुलगा आणि दुसऱ्या मांडीवर पुस्तक अशी मी ती चाळीस पानं वाचली. सांगायला हरकत नाही, माझी निराशा झाली. पाच वर्षांत मी मनात जी सुरुवात रचली होती ती बरीच चांगली होती. पण त्या पानांत एक गोष्ट अशी होती की मी ताठ बसले. फौज उत्तरेला निघाली होती ती उदगीरची लढाई जिंकून, आमच्याच मुलखातून. पानिपत म्हणजे कुठे तरी दिल्लीच्या पलीकडचं काही तरी, असंच मला तोवर वाटत होतं. इथून चालत गेलेली माणसं तिथे मेली, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी मिळेल ते गोळा करायला लागले. कादंबऱ्या, बखरी, इतिहासाची जाडी पुस्तकं, कुणाची तरी प्रवासवर्णनं, शाळेच्या वाचनालयाने काढून टाकलेल्या पुस्तिका. पुण्याला शिकणाऱ्या भाच्याला मी दिवाळीला कपडे आणू नकोस, पुस्तक आण, म्हणून सांगायचे. धर्मापुरीला माहेरी गेले की जुन्या देवळामागे राहणाऱ्या निवृत्त गुरुजींकडे जायचे. त्यांनी मला एक पुस्तक दिलं आणि सात वर्षं दर भेटीत ते परत मागितलं. शेवटी मी दिलं, पण आधी सगळं हाताने उतरवून घेतलं. ती वही त्र्याहत्तरमध्ये धरलेली आहे. कुणाला पटो न पटो.

एकाच लढाईवर दहा पुस्तकं वाचली की माणूस संशयी होतो. मी एक वेगळी वही केली, त्यात न जुळणाऱ्या गोष्टी लिहायच्या. एका कादंबरीत सेनापती हत्तीवरून दीड पान भाषण करतो. मी वहीत लिहिलं, हे ऐकलं कुणी, आणि ऐकणारा जिवंत परत आला का? एका पुस्तकात जेवढी माणसं मेली, दुसऱ्यात त्याच्या तिप्पट. लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असं जो तो लिहितो. मग एका लेखकाने पंचांगाचं गणित मांडून दाखवलं, की त्या वर्षीची संक्रांत लढाईच्या आधीच होऊन गेली होती. आज चौदा तारखेला येते म्हणून तेव्हाही तेव्हाच आली असणार, असं आपण धरून चाललो. हे मी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगितलं. त्या म्हणाल्या, बाई, तिळगूळ घ्या. पुढच्या वर्षी दोघी-तिघी आल्याच नाहीत.

पण मला खरा राग आला तो एका शब्दाचा. बाजारबुणगे. फौजेबरोबर जी माणसं लढायला नाही, तर विकायला, रांधायला, धुवायला, वाहायला, नवऱ्यामागे नाहीतर देवदर्शनाला म्हणून गेली, त्यांना पुस्तकात हे नाव. कादंबरी असो नाहीतर इतिहास, एका जागी सगळ्यांचं एकमत होतं: बाजारबुणग्यांनी घात केला. त्यांच्यामुळे फौजेची चाल मंदावली. त्यांनी धान्य खाल्लं. ते पळाले म्हणून गोंधळ झाला. तहाची बोलणी चुकवली सरदारांनी, एकमेकांचे हेवेदावे केले सरदारांनी, रसद तुटू दिली सरदारांनी, आणि पावती फाडली वाण्याच्या आणि बायकांच्या नावावर.

मी दुकानदाराची सून. पोतं फोडून माप कसं करतात, पाऊस लांबला की गिऱ्हाइकाचा आवाज कसा बारीक होतो, हे मला माहीत आहे. ती छावणी दोन महिन्यांच्या वर वेढ्यात अडकून पडली होती. तिथे शेवटचं शेरभर पीठ कुणी विकलं असेल? कुणी नाही म्हटलं असेल? ज्याने नाही म्हटलं त्याला मारलं असेल का? ह्यातलं एका पुस्तकात एक वाक्य मिळेल म्हणून मी दुसरं घ्यायचे, दुसऱ्यात मिळेल म्हणून तिसरं. सरदारांच्या घोड्यांची नावं मिळाली, हत्तींची मिळाली, एका तोफेचंही नाव मिळालं. बाजारातल्या एका बाईचं नाव मला अजून मिळालेलं नाही. तेवढ्यासाठी मी ही पुस्तकं घेते. कुणी विचारलं तर असं सांगत नाही, कारण तेवढा वेळ ऐकून घेणारं कुणी विचारत नाही.

एकदा बीडला ह्या विषयावर व्याख्यान होतं. मी नवऱ्याला न सांगता सकाळच्या एसटीने गेले. सभागृहात पुरुषच पुरुष, पुढे फेटे बांधलेले. वक्ते चांगले बोलत होते. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मी उठले आणि विचारलं, की छावणीतल्या दुकानदारांबद्दल कुठे काही कागद आहेत का. वक्ते हसले आणि म्हणाले, ताई, त्या बुणग्यांमुळेच तर सगळं घडलं. सभागृह हसलं. मी उभीच राहिले. म्हटलं, मग फौज दोन महिने काय माती खात होती का? कुणी तरी मागून म्हणालं, बसा आता. मी बसले नाही, बाहेर आले आणि स्टँडवर जाऊन भजी खाल्ली. घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, लोकांत जाऊन हसू करून घ्यायची तुला हौस आहे. खरं सांगायचं तर हसण्याचं मला काही वाटत नव्हतं. उत्तर मिळालं नाही ह्याचं वाटत होतं.

इथवर सगळं ठीक होतं. नवरा कुरकुर करायचा, पण माजघरामागची खोली त्यानेच मोकळी करून दिली होती. दुकानातल्या जुन्या लाकडी मांडण्या तिथे लावल्या, आधी त्यांवर साबण असायचे, मग पुस्तकं आली. अजून त्या पुस्तकांना साबणाचा वास येतो. सासूबाई त्या खोलीत यायच्या नाहीत. भावाभावांच्या युद्धाची जी मोठी पोथी आहे ती पुरी घरात ठेवायची नाही, ठेवली तर घरात भांडण लागतं, ही आमच्याकडची समजूत. कुणी ठेवलीच तर एखादा अध्याय शेजाऱ्याकडे ठेवतात, म्हणजे पोथी अपुरी राहते आणि घर शाबूत राहतं. सासूबाईंच्या हिशेबाने युद्ध ते युद्ध, कुठलंही असो. मी त्यावर कधी वाद घातला नाही. त्या पाय ठेवत नाहीत म्हणून खोलीत मला शांतता मिळायची.

सासरे गेले आणि दोन वर्षांनी गावातला रस्ता रुंद झाला. दुकानाचा पुढचा भाग पाडून नवा बांधावा लागला. दुकान नवरा आणि धाकटे भाऊजी मिळून चालवायचे, एकाने गल्ल्यावर बसायचं, दुसऱ्याने माल आणायचा. नव्या दुकानाला नवा बोर्ड केला, केजहून करून आणला. पूजेच्या दिवशी वरचं कापड ओढलं तर बोर्डावर आमच्या मुलाचं नाव. भाऊजींना दोन मुली. त्यांची नावं सोडा, खुद्द भाऊजींचंही नाव कुठे नव्हतं. भाऊजी प्रसाद घेऊन घरी गेले. तिसऱ्या दिवसापासून ते दुकानात आले नाहीत. महिनाभरात एका घरात दोन चुली झाल्या, आणि पाच महिने दोघे सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावरून जाताना खाली बघत होते.

मिटवायला नवऱ्याच्या मामांना बोलावलं. मामा अंबाजोगाईकडचे, जाणते, हस्ताक्षर सुंदर, चार गावांतल्या वाटण्या त्यांनी लिहिलेल्या. सकाळी ओसरीवर बैठक बसली. मामांनी विचारलं, कशावरून बिनसलं? नवरा म्हणाला, काही नाही, गैरसमज आहे. भाऊजी म्हणाले, काही नाही, माझंच मन लागत नाही. मामांनी तासभर उलटसुलट विचारलं. दोघेही तेच. मग मामा पाणी प्यायला आत आले, मागच्या खोलीचं दार उघडं होतं, त्यांनी आत डोकावलं. एक पुस्तक काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं. बाहेर येऊन बसले आणि म्हणाले:

"घरात पानिपत भरून ठिवलंय बे तुमी. मग भावाभावात दुसरं काय व्हनार हाय?"

सासूबाई दारातून म्हणाल्या, की मी किती दिवसांपासून हेच सांगते आहे, माझं ऐकतो कोण. नवऱ्याने मामांकडे पाहिलं. भाऊजींनी मामांकडे पाहिलं. आणि मग मी जे पाहिलं ते मला आजही विसरता येत नाही. दोघांच्याही तोंडावर सुटका झाल्यासारखं आलं. नवरा म्हणाला, काढून टाकू. भाऊजी म्हणाले, हां, काढलेलीच बरी. पाच महिन्यांत दोघे भाऊ पहिल्यांदा एका गोष्टीवर सहमत झाले. भाऊजी तर इतके पुढे गेले, की टेम्पो मी बघतो म्हणाले. जेवण झाल्यावर खोली रिकामी करायची असं ठरलं, आणि ते ठरत असताना मी तिथेच उभी होते, हातात चहाचा ट्रे घेऊन. मला कुणी विचारलं नाही.

स्वयंपाकघरात जाऊ भाकरी थापत होती. बैठकीसाठी म्हणून त्या दिवशी एकाच चुलीवर स्वयंपाक होता. तिने माझ्याकडे बघून हळूच तोडगा काढला, की सगळी नका देऊ, एक पुस्तक माझ्या माहेरी ठेवू, म्हणजे अपुरं राहील आणि सासूबाईंचं मन राहील. ती चांगली बाई आहे, तिला खरंच माझं वाईट वाटत होतं. मी तिला म्हटलं, ते तसंही अपुरंच आहे. ती म्हणाली, ताई, घर जुळतंय तर जुळू द्या. आणि मग म्हणाली:

"आपन बायकांनीच थोडं पदरात घ्यावं, ताई. कावून लागलं त्ये कुनी काढू नये म्हंजे झालं."

तिने हे म्हटलं नसतं तर मी कदाचित एक पुस्तक दिलं असतं. सगळीही दिली असती, कुणास ठाऊक. पण हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. कारण का लागलं ते तिला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. पूजेच्या दुसऱ्या दिवशी भाऊजी एकदा दुकानात गेले होते. मी आतल्या दाराशी कप विसळत होते. भाऊजींनी नवऱ्याला सरळ विचारलं, की बोर्डावर वडिलांचं नाव का ठेवलं नाही. त्यावर माझा नवरा जे बोलला ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनीही ऐकलं.

आणि मी पाच महिने गप्प होते. हे लपवत नाही. बोर्डावर माझ्या पोटच्या मुलाचं नाव होतं. रस्त्याने जाता-येता ते वाचायला मला बरं वाटत होतं. पुस्तकातल्या बुणग्यांसाठी सभागृहात उभी राहणारी मी, घरातल्या दोन पोरींसाठी मात्र तोंड उघडलं नव्हतं. तेवढी लाज मला त्या चुलीपुढे वाटली.

जेवणं झाली. मामांनी सुपारी कातरली. भाऊजी टेम्पोवाल्याला फोन लावायला उठले, तेव्हा मी ओसरीवर जाऊन खाली बसले, बैठकीच्या आत, जिथे बायका बसत नाहीत. नवऱ्याने डोळे मोठे केले. मी मामांकडे बघून बोलले.

"पुस्तकं कुटं बी जानार न्हाईत, मामा. भांडन पुस्तकानं लागलं न्हाई. कावून लागलं त्ये ह्या दोघांना बी ठावं हाय, पर सांगायची लाज वाटते. मग मीच सांगते."

नवरा म्हणाला, आत जा. मी गेले नाही.

"ह्यांनी भाऊजींना म्हनलं, तुला दोनी पोरीच. त्या उद्या लोकाच्या घरी जातील, मग दुकानावर कुनाचं नाव लावू? गिऱ्हाइकासमोर म्हनलं. मी ऐकलंय."

 मामांच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला. भाऊजींनी फोन खाली ठेवला आणि तोंडावरून हात फिरवला, आणि तो हात त्यांनी बराच वेळ तोंडावरच ठेवला. दारात जाऊ उभी होती, ती पदर तोंडात घालून आत गेली. तिच्या मागे तिची मोठी मुलगी होती, दहावीतली. तिने सगळं ऐकलं. ती आत गेली नाही, ती आपल्या चुलत्याकडे बघत राहिली. नवरा उठला, चपला घातल्या आणि दुकानाकडे निघून गेला.

मामा मला म्हणाले, की सूनबाई, नवऱ्याला चारचौघांत खाली बघायला लावलंस. मी म्हटलं, हो, लावलं. त्यांनी भाऊजींना खाली बघायला लावलं होतं ते दोन गिऱ्हाइकांसमोर, मी तर घरच्यांपुढे लावलं. टेम्पो आला नाही. पुस्तकं जिथल्या तिथे राहिली. नवरा माझ्याशी दोन महिने बोलला नाही. जेवायला बसायचा, ताट पुढे सरकवायचा, उठायचा. मी तेवढ्या दिवसांत चार पुस्तकं वाचली आणि एकदाही माफी मागितली नाही. रडले ते वेगळं. रडणं आणि माफी ह्या दोन गोष्टी आहेत.

गावात व्हायची ती चर्चा झाली. दोन भाऊ जुळत आले होते, थोरलीने बिघडवलं. डोक्यात लढाई भरली की असंच होणार. दळणाला गेले तर गिरणीवर बायका गप्प व्हायच्या. एका मुलाने मोबाइलवर मला पानिपताचा एक मेसेज दाखवला, त्यात चार ओळींत सहा चुका होत्या. त्या मी त्याला तिथेच सांगितल्या, पीठ सांडेपर्यंत.

पुढे नवऱ्याने बोर्ड काढला. स्वतः शिडी लावून काढला, मला काही न सांगता. पण मन एकदा फाटलं होतं आणि भाऊजींना आता वेगळंच व्हायचं होतं. भांडून नाही, नीट. मामा पुन्हा आले, ह्या वेळी कागद घेऊन. ओसरीवर तीच माणसं बसली. मामांनी सुंदर अक्षरात लिहायला सुरुवात केली. दुकानाचं एक शटर थोरल्याचं, एक धाकट्याचं. शेत उभं चिरून दोन. मोठा काटा थोरल्याला, फ्रीज धाकट्याला. पितळेची भांडी, पोती ठेवायची खोली, विहिरीच्या पाण्याची पाळी. सगळं दोन भावांच्या नावाने. शेवटी मामा थांबले आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, की ती पुस्तकं राहिली, ती थोरल्याच्या वाटणीत धरू.

मी ह्या वेळी उंबऱ्याशीच होते. म्हटलं, ती ह्यांची नाहीत, माझ्या नावाने लिहा.

मामा हसले. म्हणाले, नवऱ्याचं ते बायकोचंच की, कागदावर बायकांची नावं कशाला.

"दोष द्यायचा व्हता तवा पुस्तकं माझी व्हती, मामा. वाटनीच्या वक्ताला ती ह्यांची कशी झाली?"

मामांनी नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं तो उठून जाईल. तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, लिहा तिच्या नावानं. दोन महिन्यांनंतर त्याने माझ्याबद्दल उच्चारलेले ते पहिले शब्द. मामांनी पेन टेकवलं आणि परत उचललं. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं. तीस वर्षं मी त्यांना जेवायला वाढत होते, सूनबाई म्हणून. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर. त्यांनी लिहिलं: लढाईची पुस्तकं, नग त्र्याहत्तर, आणि पुढे मी. त्या कागदावर बाईचं ते एकच नाव होतं.

मामा कागदाची घडी घालायला लागले. तेव्हा सासूबाई बोलल्या. त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. 

"त्या कागदात माझं काय हाय?"

मामा म्हणाले, "आक्का, तू हायस की. सहा महिने थोरल्याकडं, सहा महिने धाकट्याकडं. लिवलंय मी."

"ती तुमी माझी वाटनी केली. माझं काय हाय त्ये इचारते."

मामांनी घडी उलगडली. वरून खालपर्यंत बोट फिरवलं, जणू कुठे तरी लिहिलेलं असेल आणि आपल्यालाच दिसत नाही. नवरा आणि भाऊजी दोघेही कागदाकडे वाकले. साठ वर्षं ज्या घरात त्या राबल्या त्या घराचा तो कागद होता, आणि कुणाला काही सापडत नव्हतं.

सासूबाईंनी बसल्या जागेवर हात थोपटला. "ही वसरी माझ्या नावानं लिव. हितं भिंत घालायची न्हाई कुनी."

वाटणीची भिंत नेमकी तिथूनच जाणार होती. मामांनी दोन्ही भाच्यांकडे पाहिलं. कुणी नाही म्हटलं नाही. मग मामांनी पेन उघडलं आणि आपल्या थोरल्या बहिणीला विचारलं, की नाव कुठलं लिहू, माहेरचं की लग्नात बदललेलं.

"दोनी लिव," त्या म्हणाल्या.

मामांनी दोन्ही लिहिली.